सादळलेला रॉड आणि तिसऱ्या दिवशी उमटलेली भेग

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मासेमारी जेटीवर इंजिनं आणि जाळ्यांचे बोजे उचलायची छोटी क्रेन आहे. तिच्या बूमवर, म्हणजे पुढे आलेल्या हातावर, २५ मिलिमीटर जाडीच्या एस६९० या जास्त ताकदीच्या पोलादाच्या प्लेटचे नवे लग, म्हणजे बोजा अडकवायचे कान, बसवायचे होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, ताडपत्रीच्या आडोशाला, ई११०१८ या जास्त ताकदीच्या रॉडने वेल्डिंग झालं. त्याच संध्याकाळी तुम्ही डाय पेनिट्रंट, म्हणजे भेग दाखवणारा लाल रंग, मारून पाहिलं, एकही लाल ठिपका उमटला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रंगाची तयारी करणाऱ्या मुलाला वेल्डच्या कडेला केसासारखी रेघ दिसली, साधारण ४० मिलिमीटर लांब. मालक म्हणतात वेल्डर कच्चा आहे. वेल्डर म्हणतो प्लेट खराब आहे. प्लेटवाला सर्टिफिकेट पुढे करतो. तुम्ही सुपरवायझर म्हणून मधे अडकलात आणि विचारताय की नेमकं काय झालं, आणि आता काय करायचं.

वेल्डरचा हात चुकलेला नाही आणि प्लेटही ठीक असणार. ही हायड्रोजनची भेग आहे, आणि ती संध्याकाळी दिसली नाही कारण संध्याकाळी ती नव्हतीच. तुमची तपासणी चुकीची नव्हती, फार लवकर झाली.

मी तीस-बत्तीस वर्षं मुरुड-जंजिऱ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत खाड्यांच्या काठाने वेल्डिंग तपासत फिरलोय, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मला सगळ्यात जास्त वेळा याच भेगेने छळलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पावसाळ्यात आपण पापडाच्या डब्याचं झाकण घट्ट लावतो, कारण ते उघडं राहिलं तर पापड सादळतात. बेसिक कोटिंगचा (ई११०१८, ई७०१८ यांसारखा) रॉड असाच सादळतो, फरक इतकाच की हातात धरून ते कळत नाही. कोटिंगमधलं सिलिकेट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि धरून ठेवतं. आर्क पेटला की त्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजनचे सुटे अणू होतात आणि ते वितळलेल्या धातूत विरघळतात. वितळलेल्या लोखंडात हायड्रोजनला भरपूर जागा असते. थंड लोखंडात त्याला जवळजवळ जागाच नसते. धातू थिजताना काही हायड्रोजन बाहेर पडतो, उरलेला आत कोंडतो. अणू इतका लहान की तो थंड पोलादातूनही हळूहळू सरकत राहतो, आणि जिथे ताण सर्वात जास्त आणि धातू सर्वात ठिसूळ, तिथे जाऊन गोळा होतो. ती जागा म्हणजे वेल्डची कडा, ज्याला आपण टो म्हणतो, किंवा मुळाशी रूट, किंवा बीडच्या, म्हणजे वेल्डच्या पट्टीच्या, खालचा उष्णतेने बदललेला पट्टा. पुरेसा साठा झाला की तिथे धातू सुटतो. या सरकण्याला वेळ लागतो, कधी काही तास, कधी दोन-तीन दिवस.

या भेगेला तीन गोष्टी लागतात: हायड्रोजन, कडक-ठिसूळ रचना आणि ताण. तिन्ही एकत्र असल्या आणि जोड साधारण १५०-२०० अंशांच्या खाली उतरला, की भेग पडू शकते. साध्या स्ट्रक्चरल प्लेटमध्ये यातली दुसरी गोष्ट सहसा पुरेशी नसते, म्हणून तुमचा वेल्डर आयुष्यभर सादळलेल्या रॉडने गेटं, ग्रिल आणि शेडचे कॉलम जोडत आला आणि काही झालं नाही. एस६९० वेगळं आहे. ते पाण्यात झटकन थंड करून मग टेम्पर केलेलं, म्हणजे पुन्हा तापवून चिवट केलेलं, पोलाद आहे, त्याची ताकद मार्टेन्साइटसारख्या बारीक, कडक रचनेतून येते. तुम्ही पाठवलेल्या सर्टिफिकेटवरून कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे पोलाद वेल्डशेजारी किती कडक होईल याचा आकडा, काढून पाहिला. कार्बन ०.१६ टक्के, मँगनीज १.२०, क्रोमियम ०.४०, मॉलिब्डेनम ०.४०, व्हॅनेडियम ०.०२, निकेल ०.३०, तांबं ०.०३. सूत्र असं: कार्बन, त्यात मँगनीजचा सहावा भाग, क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियम यांच्या बेरजेचा पाचवा भाग, निकेल-तांब्याच्या बेरजेचा पंधरावा भाग. उत्तर येतं ०.५५ च्या जवळ. साध्या आयएस २०६२ च्या ई२५० ए प्लेटला कमाल ०.४२ ची मर्यादा असते. हा फरक कागदावर छोटा दिसतो, पण वेल्डच्या शेजारी तोच फरक चिवट आणि ठिसूळ यांच्यातला ठरतो. त्यात २५ मिलिमीटरची जाडी. जाड प्लेट वेल्डची उष्णता तिन्ही बाजूंनी ओढून नेते, त्यामुळे कडेचा पट्टा झटक्यात थंड होतो, जणू पाण्यातच बुडवला.

आता कोकणाबद्दल एक गोष्ट, जी घाटावर वेल्डिंग शिकून आलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे हवेत पाणी आहेच, पण प्लेटवर मीठही आहे. खाडीकाठी आठवडाभर उघड्यावर पडलेल्या प्लेटवर मिठाचा न दिसणारा थर बसतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःहून पाणी ओढून विरघळू लागतं. घरातल्या मिठाच्या बरणीला जुलैत पाणी सुटतं ते यामुळेच. पावसाळ्यात आपली आर्द्रता दिवसच्या दिवस त्याच्या वरच असते. म्हणजे फडक्याने कोरडी पुसलेली प्लेट तासाभरात पुन्हा ओली होते, आणि डोळ्याला कोरडीच दिसते. त्यामुळे आधी गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, मग जोडाच्या दोन्ही बाजूंना किमान २५ मिलिमीटर चकाकेपर्यंत ग्राइंड करा. थेट ग्राइंडर फिरवला तर मीठ आणि गंज खाचांत दाबला जातो. गंज हासुद्धा पाणी धरून ठेवणारा पदार्थ आहे, हे बरेच जण विसरतात.

रॉडबद्दल मात्र मी हट्टी आहे. तुम्ही लिहिलंय की रॉड "बल्बच्या पेटीत" ठेवले होते. पत्र्याच्या पेटीत शंभर वॅटचा बल्ब लावून रॉड ठेवायची पद्धत आपल्या सगळ्या किनाऱ्यावर आहे आणि ती चांगल्या हेतूने केलेली आहे. पण त्या पेटीतला रॉड ऊबदार असतो, कोरडा नसतो. पन्नास-साठ अंशांना सिलिकेटने धरलेलं पाणी सुटत नाही. त्याला पुरेशी भट्टी लागते. बेसिक रॉड रॉडवाल्याच्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणे भाजा. ई११०१८ सारख्या मिश्रधातूच्या रॉडसाठी अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या डी१.१ संहितेत ३७० ते ४३० अंशांना एक तास सांगितलाय. आपल्याकडच्या पुष्कळ पाकिटांवर ३००-३५० अंश, दोन तास असं असतं. भाजून झाले की किमान १२० अंशांच्या होल्डिंग ओव्हनमध्ये, आणि तिथून वेल्डरच्या बाजूला ठेवलेल्या पोर्टेबल ओव्हनमध्ये. हातात एका वेळी चार-पाचच रॉड.

किती वेळ बाहेर चालतो? त्याच संहितेत ताकदीप्रमाणे वेळ कमी होत जातो. ई७०१८ ला चार तास, ई८० ला दोन, ई९० ला एक, आणि ई१०० व ई११० ला फक्त अर्धा तास. कारण सरळ आहे, पोलाद जितकं ताकदवान तितका कमी हायड्रोजन ते सहन करतं. तुमचा वेल्डर सकाळी आठला पाकीट फोडून जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यातले रॉड वापरत होता. ७०१८ असता तर निभावलं असतं. ११०१८ ला ते चालत नाही. अर्धा तास उलटला तर रॉड परत भाजायचा, आणि तेही एकदाच. दुसऱ्यांदा भाजलेलं कोटिंग ठिसूळ होतं, म्हणून तो रॉड शेडच्या कामाला द्या. पाण्यात भिजलेला रॉड भाजून वाचत नाही, तो फेकायचा. आणि एक सवय कृपा करून मोडा: रॉड जॉबला चिकटवून, शॉर्ट करून लाल करायचा आणि "वाळला" म्हणायचं. त्याने आतली तार तापते, कोटिंग तडकतं, मिश्रणातले धातू बिघडतात, आणि पाणी पुरेसं जात नाही.

खरेदी करताना पाकिटावर एच५ किंवा एच४ लिहिलेलं बघा. एच५ म्हणजे १०० ग्रॅम जमा धातूत ५ मिलिलिटरपेक्षा जास्त हायड्रोजन जात नाही. गेटाच्या कामाचा ६०१३ रॉड सहज २० च्या वर जातो. पण एच५ हा आकडा भाजलेल्या रॉडचा आहे. फोडून ठेवलेलं पाकीट जेटीवर दोन रात्री राहिलं तर त्या अक्षरांना काही अर्थ उरत नाही.

ओव्हनचा दिवा लागलाय म्हणजे तापमान आहे असंही समजू नका. आपल्याकडे जुलैत वीज तासन्‌तास जाते. ओव्हनच्या आत स्वतंत्र थर्मामीटर ठेवा आणि वीज गेल्याची वेळ वहीत लिहा. मी हे एका कामावर फार महागात शिकलो. विजयदुर्गाच्या खाडीपासून फार लांब नसलेल्या एका यार्डात आम्ही ४० मिलिमीटरच्या प्लेटची चौकट जोडत होतो. रात्री तीन तास वीज गेली होती, कुणी सांगितलं नाही, सकाळी त्याच रॉडने काम सुरू झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे रखवालदार माझ्याकडे आला. म्हणाला, "सायबानू, रातीचा लोखंड वाजत होता." मला वाटलं पत्रा वाऱ्याने वाजला असेल. तो म्हणाला, "पत्रो नाय, आतून टक् करून." त्याचं बरोबर होतं. चुंबकीय तपासणी केली तेव्हा वेल्डमध्ये आडव्या सात भेगा निघाल्या, प्रत्येक जेमतेम १० मिलिमीटर. तो माणूस शाळेत चार इयत्ता शिकलेला, पण मी झोपलो होतो आणि तो ऐकत होता. तेव्हापासून जाड कामावर रखवालदाराला मी मुद्दाम सांगून ठेवतो की आवाज आला तर वेळ लक्षात ठेव.

तिथल्या भेगा वेल्डच्या आतच आडव्या होत्या, तुमच्याकडे कडेला आहे. साध्या पोलादात वेल्ड धातूत कार्बन प्लेटपेक्षा कमी असतो, म्हणून थंड होताना त्याची रचना आधी बदलते, हायड्रोजन शेजारच्या पट्ट्यात ढकलला जातो, म्हणून भेग कडेला. ११०१८ सारखा ताकदवान रॉड असला की वेल्ड स्वतःच कडक होतो आणि भेग त्याच्यातच पडू शकते. त्यामुळे तुमच्याकडे कडेची सापडली म्हणून आतली नसेलच असं धरू नका. लग चारही बाजूंनी तपासा. लगसारख्या जोडाला जिथे डिझाइनरची परवानगी असेल तिथे मुळाचे पहिले रन (वेल्डचे थर) ७०१८ ने घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. मऊ मूळ ताण पचवतं.

प्रीहीटबद्दल, म्हणजे वेल्डिंगआधी प्लेट तापवण्याबद्दल, तुम्ही लिहिलंय की "हाताला गरम लागेपर्यंत" तापवलं होतं. हाताला पन्नास अंशही असह्य लागतात. या प्लेटला, या जाडीला किमान १०० अंश हवेत, आणि एवढ्या दमट हवेत मी आणखी २५ वाढवून १२५ ठेवतो. प्लेट बनवणाऱ्याचा तक्ता जास्त सांगत असेल तर तोच पाळा. टेम्प-चॉक, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वितळणारा खडू, वापरा, स्वस्त आहे. एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा: एलपीजीची ज्योत थंड प्लेटवर लागली की प्लेटला घाम फुटतो. तो प्लेटमधून आलेला नसतो, ज्योतीतल्या वायूच्या ज्वलनातूनच पाणी तयार होतं आणि थंड लोखंडावर दवासारखं जमतं. अर्धवट तापवून ज्योत काढली तर तुम्ही स्वतःच जोडावर पाणी शिंपडलंत. ज्योत काढल्यावर दर २५ मिलिमीटर जाडीमागे दोन मिनिटं थांबून, जोडापासून ७५ मिलिमीटरवर, जमलं तर ज्योतीच्या उलट्या बाजूने मोजा.

वरची मर्यादाही आहे. दोन रनमधलं तापमान २०० च्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर टेम्पर केलेली ताकद उतरते. उष्णतेचं माप काढणं सोपं आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले ६०, भागिले मिनिटाचे मिलिमीटर गुणिले १०००. २४ व्होल्ट, १६० अँपिअर, मिनिटाला १५० मिलिमीटर म्हणजे मिलिमीटरला १.५ किलोज्यूलच्या आसपास, इथे ठीक आहे. रुंद डुलवत भरलेला रन हे माप दुप्पट करतो. सरळ, अरुंद रन घ्या.

टॅक (तात्पुरते छोटे वेल्ड) आणि क्लिप (तात्पुरत्या जोडलेल्या पट्ट्या) यांच्यावर कुणी लक्ष देत नाही, आणि माझ्या अनुभवात निम्म्या भेगा तिथूनच सुरू होतात. २५ मिलिमीटरच्या थंड प्लेटवर १५ मिलिमीटरचा टॅक म्हणजे तापवलेली सुई बर्फाच्या लादीत खुपसण्यासारखं आहे. टॅकलाही तेवढंच प्रीहीट, आणि लांबी किमान ५० मिलिमीटर. आर्क जॉबवर कुठेही टिचकी मारून पेटवायचा नाही. १९८० साली उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर कीलँड’ हा तरता मंच उलटला आणि २१२ पैकी १२३ माणसं गेली. सुरुवात झाली ती आधाराच्या एका नळीवर ध्वनियंत्र बसवायला जोडलेल्या किरकोळ धारकाच्या ६ मिलिमीटरच्या फिलेटपासून, म्हणजे कोपऱ्यातल्या वेल्डपासून. त्या भेगेच्या आत तपासणाऱ्यांना रंग सापडला. याचा अर्थ मंच समुद्रात जाण्याआधी, यार्डात रंग मारतानाच भेग होती. तुमच्या रंगवाल्या मुलाने ब्रश मारण्याआधी रेघ पाहिली आणि सांगितली. त्याला मालकांकडून शाबासकी मिळवून द्या.

मेलबर्नच्या किंग स्ट्रीट पुलाचंही असंच. १९६१ साली सुरू झालेल्या त्या पुलाचा एक गाळा १० जुलै १९६२ च्या थंड सकाळी जड ट्रेलरखाली खचला. ताकदवान पोलादाच्या गर्डरवर जोडपट्टी जिथे संपते तिथल्या आडव्या फिलेटच्या कडेला कारखान्यातच बारीक भेगा पडलेल्या होत्या, आणि त्या तपासणीतून सुटल्या होत्या.

या भेगेमागचा हायड्रोजन डोळ्यांनी बघायचा असेल तर आयटीआयच्या मुलांना मी एक प्रयोग दाखवतो. छोट्या तुकड्यावर सादळलेल्या रॉडने एक बीड टाकायचा, लगेच पाण्यात विझवायचा, झटकन स्लॅग काढून पुसायचा आणि ग्लिसरीनने भरलेल्या काचेच्या ग्लासात सोडायचा. थोड्या वेळाने बीडच्या अंगावरून मोहरीपेक्षा बारीक बुडबुडे एकेक करत वर येऊ लागतात, आणि किती तरी तास येत राहतात. दुसऱ्या ग्लासात भाजलेल्या रॉडचा बीड सोडायचा. तिथे बुडबुडे शोधावे लागतात. दोन ग्लास शेजारी ठेवले की मला पुढे फारसं बोलावं लागत नाही. पोलादातल्या हायड्रोजनचं हे वेड नवं नाही. १८७५ मध्ये डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी दाखवलं होतं की आम्लात बुडवलेली लोखंडी तार वाकवली की तुटते, तुटलेला भाग ओला केला की फेस येतो, आणि काही काळ तशीच ठेवली की तार पुन्हा चिवट होते.

यातूनच पोस्ट-हीटचं कारण समजतं. वेल्ड पूर्ण झाल्यावर जोड प्रीहीटच्या खाली उतरू न देता २०० ते २५० अंशांना दोन तास धरा, मग रॉकवूलमध्ये गुंडाळून सावकाश थंड होऊ द्या. गरम पोलादातून हायड्रोजन पळून जातो, थंडातून रेंगाळतो. पागोळीचं पाणी त्या गरम जोडावर पडता कामा नये. ताडपत्री नुसती वरून पुरत नाही, वाऱ्याच्या बाजूलाही लावा.

आता तुमची भेग. तिच्यावरून नवा रन फिरवायचा मोह होईल, तो टाळा. रन भेग झाकतो, मिटवत नाही. आधी चुंबकीय तपासणीने दोन्ही टोकं शोधा, योक, म्हणजे त्या तपासणीचा चुंबक, दोन काटकोनी दिशांना धरून. डाय पेनिट्रंटला फक्त पृष्ठभागावर उघडलेली भेग दिसते. टोकांच्या पुढे थोडं अंतर ठेवून, प्रीहीट करून ग्राइंड किंवा गाउज करा, म्हणजे भेग खोदून काढा. कार्बन रॉडने गाउजिंग केलंत तर नंतर एक-दोन मिलिमीटर ग्राइंड करून काळपट थर पूर्ण काढा, त्यात कार्बन भरलेला असतो. पुन्हा चुंबकीय तपासणी, भेग पूर्ण गेल्याची खात्री. आधीच्या डाय पेनिट्रंटचं तेल खाचेत राहिलेलं असतं आणि तेल म्हणजेही हायड्रोजन, म्हणून सॉल्व्हंटने धुऊन तापवून घालवा. मग दुरुस्तीसाठी थोडं जास्त, १५० अंश प्रीहीट, ताजे भाजलेले रॉड, सरळ रन, पोस्ट-हीट.

टो मात्र तसाच सोडू नका. उत्तम वेल्डच्याही कडेला स्लॅगच्या एखाद-दशांश मिलिमीटर खोल बारीक खाचा असतात. क्रेनचा लग रोज शेकडो वेळा ताणला-सैलावतो, आणि थकव्याची भेग याच खाचेतून निघते. एस६९० जास्त ताकदवान आहे म्हणून थकव्यात जास्त टिकेल असं इथे होत नाही. न घासलेल्या वेल्डमध्ये साधं आणि ताकदवान पोलाद जवळजवळ सारखंच थकतं. बर ग्राइंडरने कडा गोलसर करा, दिसणाऱ्या अंडरकटच्या, म्हणजे कडेला खाल्लेल्या खोबणीच्या, खाली अर्धा मिलिमीटर जाईपर्यंत, आणि ग्राइंडिंगच्या रेघा ताणाच्या दिशेने राहू द्या.

त्यानंतर थांबा. डी१.१ मध्ये अशा पोलादाला शेवटच्या रननंतर किमान ४८ तासांनी तपासणी सांगितली आहे. दुरुस्तीनंतर मी ७२ तास घेतो. मग चुंबकीय आणि अल्ट्रासोनिक दोन्ही. रेडिओग्राफीवर विसंबू नका, घट्ट मिटलेली भेग किरणांना आडवी असली की फिल्मवर उमटत नाही.

मालकांना घाई आहे हे समजतं, १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठेल आणि जेटीवर गर्दी होईल. आज रॉड भाजायला घातलेत तर उद्या दुरुस्ती, आणि ७२ तास थांबूनही तपासणी जुलै संपण्याआधी होते. वेल्डरची मजुरी कापायचा विषय निघालाय असं तुम्ही लिहिलंत. ती कापू देऊ नका. तेवढ्याच पैशांत एक पोर्टेबल ओव्हन येतो.